एका यंत्रात दोन बिऱ्हाडे

जुनी वस्तू विकत घेण्यात आपल्याकडे कधी कमीपणा मानला गेला नाही. जून महिना आला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन वरच्या इयत्तेची वापरलेली पुस्तके निम्म्या किमतीला आणायची, आणि वर्ष संपले की कव्हरे काढून तीच पुन्हा विकायची, हा कित्येक घरांचा शिरस्ता होता. जुनी स्कूटर घ्यायची तर ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यायचा. तो किक मारून आवाज ऐके, सायलेन्सरमागचा धूर पाही, टायरवरून बोट फिरवी आणि मग बाजूला घेऊन हळूच म्हणे, "दोन हजार कमी करायला सांगा. क्लचप्लेटा गेल्यात." लोखंडी कपाट असो की शिवणयंत्र, घेताना काय पाहायचे हे घरात कुणाला तरी ठाऊक असे. या ठाऊक असण्यालाच आपण पारख म्हणतो.

लॅपटॉपच्या बाबतीत ही पारख अजून घरात आलेली नाही. एरवी भाजीवालीच्या टोपलीतली वांगी उलटीपालटी करून पाहणारी माणसे वीस हजारांचा जुना लॅपटॉप घेताना मात्र झाकण उघडतात, पडदा उजळला की "चालू आहे" म्हणतात आणि पैसे मोजतात. गेली काही वर्षे ओळखीपाळखीचे लोक अशा खरेदीला मला सोबत नेतात. त्या फेऱ्यांतून जे हाताशी आले ते आज सांगावे म्हणतो. कारण जुन्या लॅपटॉपचा बाजार सध्या जसा भरला आहे तसा पूर्वी क्वचितच भरला असेल, आणि त्यामागे एक तारीख आहे.

तारखेने जुनी झालेली यंत्रे

ती तारीख म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५. जुलै २०१५ मध्ये आलेल्या 'विंडोज १०' या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी निरोप दिला. म्हणजे त्या दिवशी संगणक बंद पडले असे नाही. पण सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या दर महिन्याला फुकट येत होत्या, त्या थांबल्या. घरगुती वापरासाठी नावनोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली, एवढेच. पुढची 'विंडोज ११' ऑक्टोबर २०२१ मध्येच आली होती, पण तिच्या अटी कडक. यंत्रात 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची चीप हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा.

मोठ्या कंपन्या तशाही तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात. त्यात ही तारीख आल्यावर थप्प्याच्या थप्प्या बाजारात उतरल्या. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते विचारून कुणी जात नाही), दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, बंगळुरूच्या एस. पी. रोडवर अशा यंत्रांचे ढीग दिसतात. यातली पुष्कळ यंत्रे उत्तम असतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही घराणी कचेऱ्यांसाठी बनवलेली. बिजागऱ्या मजबूत, कळफलक दणकट, सुटे भाग मिळणारे. माझ्या मते त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या पण तकलादू लॅपटॉपपेक्षा असे जुने यंत्र केव्हाही बरे. अट एकच: पाहून घेतले पाहिजे.

दुकानातला अर्धा तास

दुकानदार पहिले वाक्य टाकतो, "आय-सेव्हन आहे साहेब." इथे भुलू नये. आय-सेव्हन हे आडनाव झाले. पिढी त्यापुढच्या आकड्यात असते. 'आय-सेव्हन ७५००यू' हा सातव्या पिढीचा आणि दोन गाभ्यांचा प्रोसेसर, तर 'आय-फाइव्ह ८२५०यू' हा आठव्या पिढीचा आणि चार गाभ्यांचा. नाव धाकटे असले तरी कर्तृत्व थोरले. शिवाय पहिला विंडोज ११च्या यादीबाहेर, दुसरा यादीत. एवढा एक आकडा वाचता आला तरी अर्धी फसवणूक टळते.

मग यंत्र सपाट टेबलावर ठेवून बोटाने कोपरे दाबावेत. डुगडुगले किंवा टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. ते यंत्र तिथेच ठेवून पुढे जावे. फुगलेली बॅटरी हा भाव करण्याचा विषय नाही, आगीचा विषय आहे. तळाचे स्क्रू पाहावेत. एखाद्याचे डोके झिजलेले, एखादा बेपत्ता, म्हणजे कुणीतरी आत हात घातला आहे. घालू दे, पण कशासाठी ते विचारावे. झाकण सावकाश उघडून मिटावे. बिजागरी करकरता कामा नये. पडद्यावर पूर्ण पांढरे पान लावून मेलेले ठिपके शोधावेत, काळे पान लावून कडेने पाझरणारा उजेड पाहावा. कळफलकावरची प्रत्येक कळ, अगदी प्रत्येक, दाबून पाहावी. चहा सांडलेल्या यंत्रात दोन-तीन शेजारच्या कळाच रुसलेल्या असतात.

चार्जर काढून घ्यावा आणि उरलेली तपासणी बॅटरीवर करावी. तिची प्रकृती विंडोज स्वतःच सांगते. 'पॉवरसीएफजी' या आज्ञेपुढे तिरकी रेघ देऊन 'बॅटरीरिपोर्ट' लिहिले की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरी जन्मली तेव्हाची क्षमता आणि आजची क्षमता हे दोन आकडे असतात. समजा जन्मतः ५०, आज ३१. म्हणजे ६२ टक्के उरली. साठच्या खाली गेली असेल तर नवीन बॅटरीची किंमत व्यवहारातून वजा करायला सांगावी. बॅटरी ही टायरसारखी झिजणारी वस्तू आहे, त्यात लाज कुणालाच नको.

डिस्कचेही असेच. ती आपल्या आयुष्याची नोंदवही स्वतःच ठेवते, आणि 'क्रिस्टलडिस्कइन्फो' यासारख्या मोफत साधनाने ती वाचता येते. किती तास चालली, किती जागा निकामी झाल्या, सारे तिथे लिहिलेले असते. साधा हिशेब करावा: कचेरीत रोज आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस, तीन वर्षे, म्हणजे सुमारे ६००० तास. नोंदवहीत दोनशेच तास असतील तर डिस्क नंतर बदललेली आहे. ती चांगली गोष्टही असू शकेल, पण दुकानदाराच्या तोंडून ते आधी यायला हवे. आणि हो, २५६ जीबीची म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये २३८ दिसली तर भांडू नये. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या पटीत मोजते. माल तेवढाच असतो.

स्मृती, म्हणजे रॅम, ८ जीबीहून कमी नसावी, आणि पुढे वाढवता येते की पटावर कायमची जोडलेली आहे हे विचारून घ्यावे. तिची खरी परीक्षा 'मेमटेस्ट' नावाच्या साधनाने होते, पण तिला काही तास लागतात. ती घरी रात्रभर लावायची. त्यासाठी सात दिवसांत परत घेण्याची कबुली पावतीवर लिहून मागावी. पावतीवर यंत्राचा क्रमांक हवाच. तळावरचा क्रमांक, सुरू होतानाच्या 'बायोस' पडद्यावरचा क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक, तिन्ही जुळले पाहिजेत. ही कटकट वाटेल. पण चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. पावती ही आपली ढाल.

कुलूप कुणाचे, किल्ली कुणाकडे

एवढे सारे पाहूनही एक गोष्ट राहू शकते, आणि ती सर्वांत महाग पडते. आमच्या गल्लीत शाळेची व्हॅन चालवणारे एक गृहस्थ आहेत. मुलगी सिव्हिलच्या डिप्लोमाला. तिच्यासाठी त्यांनी एका दुकानातून सतरा हजारांना लॅपटॉप आणला. महिनाभर छान चालला. मग काही बिघाड झाला म्हणून मुलीने तो कोरा करून विंडोज नव्याने सुरू केली. इंटरनेट जोडताच पडद्यावर एका कंपनीचे नाव झळकले आणि त्या कंपनीच्या कर्मचाऱ्याचे खाते व पासवर्ड मागितला गेला. पुढे वाटच नाही. दुकानदार म्हणाला, "आम्ही लॉटमध्ये घेतला, आम्हाला काय माहीत?"

झाले होते असे. मोठ्या कंपन्या आपल्या यंत्रांचे क्रमांक मायक्रोसॉफ्टकडे नोंदवून ठेवतात. यंत्र कोरे केले तरी इंटरनेट लागताच ते आपल्या मूळ धन्याला हाक मारते. चोरीला आळा घालण्यासाठी ही सोय चांगलीच आहे. पण धन्याने यंत्र विकताना यादीतून नाव काढले नाही, तर भुर्दंड पडतो तो शेवटच्या गिऱ्हाइकाला. दुकानात हे दिसत नाही, कारण तिथे इंटरनेट न जोडता विंडोज बसवलेली असते.

ते यंत्र घेऊन गृहस्थ माझ्याकडे आले. विंडोज बाजूला ठेवून दुसरी कार्यप्रणाली टाकली असती तर यंत्र त्याच दिवशी चालले असते. मी तसे सांगितलेही. ते म्हणाले, "दादा, चोरीचं असेल तर पोरीच्या हातात नको. आधी कुणाचं आहे ते कळू दे." पडद्यावरच्या नावावरून त्यांनी त्या कंपनीच्या कचेरीचा फोन शोधला, व्हॅनच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात चार दिवस फोन केले, यंत्राचा क्रमांक सांगितला. पाचव्या दिवशी उत्तर आले: यंत्र रीतसर भंगारात विकलेले आहे, नाव काढायचे राहिले; काढू, वेळ लागेल. वेळ लागला तो तब्बल अकरा आठवडे.

म्हणून माझा आग्रह असतो, की दुकानातच यंत्र कोरे करायला लावावे, आपल्या मोबाइलचे इंटरनेट जोडावे आणि विंडोज पहिल्यापासून सुरू होताना डोळ्यांनी पाहावे. कुणा कंपनीचे नाव आले की नमस्कार करून बाहेर पडावे. 'बायोस'ला पासवर्ड असेल तरी तेच. कचेरीच्या लॅपटॉपांत हा पासवर्ड बॅटरी काढून जात नाही. "नंतर काढून देतो" या वाक्यावर एक रुपयाही देऊ नये.

खिशातला मेकॅनिक

त्या अकरा आठवड्यांत मुलीचा अभ्यास थांबला नाही, तो एका पेनड्राइव्हमुळे. आणि याच पेनड्राइव्हपाशी जुन्या यंत्राची पारख आणि दोन कार्यप्रणाली हे दोन विषय एकत्र येतात.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जगाला कळवले. तिचे पुढे लिनक्स झाले. जगभरच्या लोकांनी तिच्यात भर घातली आणि ती मोफत, खुली राहिली. तिचे उबुंटू, मिंट असे अनेक अवतार आहेत. केरळातल्या सरकारी शाळांतले संगणक गेली कित्येक वर्षे तिच्यावरच चालतात. हिची एक खुबी अशी, की ती यंत्रात न बसवताच पेनड्राइव्हवरून चालवता येते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, 'रुफस' नावाचे छोटे साधन आणि मिंटची मोफत उतरवलेली प्रत, एवढे भांडवल पुरते. यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू केले की आतल्या डिस्कला हात न लावता पूर्ण संगणक समोर उभा राहतो.

हाच आपला मेकॅनिक. विकणाऱ्याने आतल्या विंडोजमध्ये काय झाकपाक केली आहे याच्याशी याला देणेघेणे नाही. वायफाय, कॅमेरा, आवाज, ब्लूटूथ, टचपॅड, सगळे याच्यावर चालवून पाहावे. पेनड्राइव्ह आळीपाळीने प्रत्येक खाचेत घालावा, म्हणजे खाचाही तपासून होतात. इथे चालले आणि विंडोजमध्ये चालले नाही, तर दोष बहुधा विंडोजच्या मांडणीत. दोन्हीकडे चालले नाही, तर बहुधा यंत्रात. डॉक्टरने दुसरे मत घ्यावे तसे हे आहे.

पार्टिशन घातलेली खोली

एका यंत्रात दोन कार्यप्रणाली कशाला, असे कुणीही विचारेल. उत्तर घरातच असते. त्या मुलीला ऑटोकॅड लागते. ते लिनक्सवर चालत नाही. कुणाचा टॅलीचा हिशेब विंडोजवर, कुणाच्या डिजिटल सहीची किल्ली विंडोजलाच ओळखते, मराठी छपाईचे जुने काम करणाऱ्यांची सॉफ्टवेअरे आणि फॉन्टही तिथेच अडकलेले. विंडोज सोडून द्या, असे सांगणे सोपे, निभावणे कठीण. उलट पत्रे, अहवाल, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, सिनेमा यांना लिनक्स पुरते, मोफत पुरते, आणि जुन्या यंत्रावर पुष्कळदा अधिक चपळ वाटते. मराठी लिहायला इनस्क्रिप्टचा कळफलक दोन्हीकडे सारखाच. ज्या यंत्राला विंडोज ११ दाराशी उभे करत नाही, त्याला सुरक्षेच्या ताज्या दुरुस्त्या लिनक्समध्ये मिळत राहतात. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात.

ज्यांनी चाळीतले दिवस पाहिले आहेत त्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको. एक खोली, मध्ये प्लायवूडचे पार्टिशन, अलीकडे एक बिऱ्हाड, पलीकडे दुसरे. संगणकातही शब्द तोच आहे, पार्टिशन! फरक एवढाच, की ही दोन बिऱ्हाडे एका वेळी जागी नसतात. यंत्र सुरू केले की 'ग्रब' नावाचा भालदार दारात उभा राहून विचारतो, आज कुणाला उठवू? आपण निवडायचे.

बिऱ्हाडे नांदावीत म्हणून काही पथ्ये आहेत. जुन्या यंत्रात आधीचा संसार ठेवूच नये. विंडोज कोरी बसवावी. विंडोज ८च्या काळापासून पुष्कळ लॅपटॉपांत परवान्याची किल्ली पटावरच कोरलेली असते, त्यामुळे ती बहुधा आपोआप ओळखली जाते. बसवण्यापूर्वी 'बायोस'मध्ये डिस्कची पद्धत 'रेड' असेल तर 'एएचसीआय' करावी, नाहीतर काही यंत्रांत लिनक्सला डिस्क दिसतच नाही. नंतर बदलली तर विंडोज रुसते, म्हणून आधीच. मग क्रम पाळावा: आधी विंडोज, नंतर लिनक्स. लिनक्स शेजाऱ्याची दखल घेऊन त्याचे नाव दारावरच्या पाटीत घालते. विंडोज नंतर आली तर दार आपल्याच नावावर करून घेते.

भिंत विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून सरकवावी. २५६ जीबीच्या डिस्कवर दीडशे विंडोजला आणि उरलेली जागा लिनक्सला, ही वाटणी साधारण पुरते. त्याआधी 'बिटलॉकर' पाहावे. विंडोजने डिस्कला सांकेतिक कुलूप घातले असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. दारात फेरफार झाला की ती मागितली जाते, आणि ती नसेल तर आतली छायाचित्रे, कागदपत्रे गेली म्हणून समजावे. 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. ते चालू असले की विंडोज बंद होताना पुरती झोपत नाही, सामान तसेच पसरून डुलकी घेते. मग लिनक्स तिच्या खोलीत काही ठेवू गेली की घोळ होतो. आणि या साऱ्याच्या आधी, महत्त्वाचे सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावे. भिंत हलवताना पंख्याखालचे सामान बाजूला करतोच ना आपण?

एक तक्रार हमखास येते. दुसऱ्या दिवशी फोन वाजतो, "लॅपटॉपचं घड्याळ बिघडलं." सकाळचे दहा वाजलेले असतात आणि विंडोज साडेचार दाखवते. बिघडलेले काही नसते. यंत्राच्या पोटात घड्याळ एकच. विंडोज त्यात इथली वेळ आहे असे मानते, लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवते, आणि आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. दोन बिऱ्हाडांत एकच घड्याळ, आणि दोघे ते वेगळ्या रीतीने वाचतात. लिनक्सला एका आज्ञेने 'इथलीच वेळ मान' असे सांगितले की तंटा मिटतो.

यंत्राचे वय कोण ठरवतो?

अकरा आठवड्यांनी त्या मुलीच्या लॅपटॉपवरचे परक्याचे नाव गेले. तोवर पेनड्राइव्हवरच्या लिनक्सची तिला सवय झाली होती. दोन्ही प्रणाली तिने स्वतः बसवल्या. मी शेजारी फक्त खुर्चीत बसून होतो. आता ऑटोकॅड एकीकडे, बाकी सारे दुसरीकडे. तिच्या वर्गातली मुले जुने लॅपटॉप घेताना तिला सोबत नेतात असे ऐकतो. जाताना तिच्या खिशात तो पेनड्राइव्ह असतो.

मला यात मोल वाटते ते पैशांच्या बचतीहून निराळ्या गोष्टीचे. १४ ऑक्टोबर २०२५च्या आदल्या दिवशी जे यंत्र चांगले होते ते दुसऱ्या दिवशीही तितकेच चांगले होते. त्याचा पडदा, कळा, प्रोसेसर यांतले काही रात्रीत झिजले नाही. ते जुने ठरले दुसऱ्या कुणाच्या वेळापत्रकामुळे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि ते हवेतच. पण कचरा होण्याआधीच वस्तू वाचवण्याचे काम कायदा करत नाही, ते घरातल्या माणसांनाच करावे लागते. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत. त्यांना कापडाची जात कळत होती, कुठला भाग विरला आणि कुठला अजून वर्षे काढील हे हाताला समजत होते. लॅपटॉपच्या बाबतीत तेवढी जाण यायला पदवी लागत नाही. अर्धा तास, एक पेनड्राइव्ह आणि नको ते यंत्र नाकारण्याची तयारी, एवढे पुरते.